त्यांना झोपू द्या

ही माझी ब्लाउजच्या मापांची वही आहे. घाईत पिशवीत दुसरं काही आलं नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. बीडच्या दवाखान्यात तळमजल्यावर डोक्याचा फोटो काढतात, त्या खोलीसमोरच्या बाकड्यावर बसलेय. आमच्या ह्यांना आत बसवून ठेवलंय. त्यांच्या आधी तिघंजण आहेत, म्हणजे वेळ आहे.

मागच्या जानेवारीत याच बाकड्यावर शेजारच्या बाईनं मला विचारलं होतं, "तुमाला आधी कायच कसं कळलं न्हाई?" तेव्हा तिचा मला लई राग आला होता. आता नाही येत. तिला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देते. ज्या घरात कुणी सायकलवरून, गाडीवरून, जिन्यावरून पडलंय आणि "काय झालं न्हाई मला" म्हणत उठून बसलंय, त्या घरातल्या बाईनं हे वाचावं. बाप्यांनी वाचलं तरी चालेल. पण ते अर्ध्यात वही मिटून म्हणतील, आपल्याला काय होतंय.

निळी सायकल

ह्यांचं नाव अंकुश. माजलगावच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात बावीस वर्षं पॅनमन आहेत. रस आटवत आटवत शेवटी ज्या मोठ्या बंद भांड्यात त्याला दाणा धरतो, त्याला पॅन म्हणतात. तिथं उभं राहून, आता थांबा, झालं, असं सांगणारा तो पॅनमन. मीटर-बिटर सगळं लागलंय आता, पण हे आपले काचेच्या पट्टीवर नमुना घेतात, उजेडाकडं धरून दाणा बघतात आणि मग अंगठा न् बोटात धरून तार ओढतात. घरी चहात साखर पडली तरी बोटाला बोट लावून बघायची सवय. मी म्हणायची, चहा हाय तो, पॅन न्हाई.

दोन वर्षांखाली तपासणीत शुगर निघाली. साखर करणाऱ्यालाच झाली म्हणून सगळ्या खात्यात हसून घेतलं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. आमची पल्लवी आठवीत असताना तिला शाळेतून योजनेतली निळी सायकल मिळाली होती, ती भिंतीला टेकून पडली होती. मीच म्हणलं, मोटारसायकल ठेवा न् हिच्यावर जात जा, सहा किलोमीटर तर हाय. लेडीज सायकलवर हा एवढा गडी बसून निघाला की गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. ह्यांना त्याचं काही नाही. घंटी वाजवत जायचे.

मीच म्हणलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. पुढं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे मला दिवसातून तीनदा ऐकवलं.

हातावर निभावलं

डिसेंबरात रातपाळी करून सकाळी आठला हे निघाले. धुकं होतं. कारखान्याच्या रस्त्याला हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात आणि ऊस बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर वळला, त्या बाहेर आलेल्या उसानं ह्यांना सायकलसकट झोडपून साईडपट्टीवर फेकलं. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं पाणी पाजलं, दुसऱ्या ट्रॅक्टरवर बसवून घरी पाठवलं. हे पायरीवर उतरले ते हसतच.

उजवं मनगट टम्म सुजलं होतं. गावातल्या दवाखान्यात फोटो काढला, हाड मोडलेलं, प्लास्टर घातलं. डॉक्टरनं विचारलं, डोक्याला लागलं का? हे म्हणाले, "मफलर होता की." झालं. तेवढ्यावर विषय संपला.

त्या दिवशी मी डोक्याला तेल लावताना उजव्या कानाच्या वर टेंगूळ हाताला लागलं. लिंबाएवढं. मी हळद लावली. आणि गप्प बसले, कारण घर माणसांनी भरलं होतं. ज्याला त्याला प्लास्टरच दिसत होतं. जो येईल तो नारळपाणी ठेवून एकच म्हणायचा, "हातावर निभावलं, वहिनी. देवाची कृपा समजा." मीही समजले. हातावर निभावलं, हातावर निभावलं, असं मी फोनवर किती जणांना सांगितलं त्याला गणतीच नाही.

झोप

आता जे सांगते ते कारखान्यावरच्या माणसांनाच कळेल.

आमच्या गल्लीत सगळे पाळ्यांवर जाणारे. आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ. सहा महिने त्यांची झोप ही कुत्र्यासारखी, इथं तिथं, मिळेल तेवढी. हंगाम संपला की पहिले पंधरा दिवस गडी जे आडवे होतात, ते जेवायलाच उठतात. बाया लेकरांना गप्प करतात. झोपू द्या त्यांना, हे आमच्या गल्लीत लेकरू बोलायला लागायच्या आधी ऐकतं. म्हणून हे सुट्टीवर घरी बसले आणि झोपायला लागले, तेव्हा कुणाला काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आत्याबाई म्हणाल्या, "बावीस वर्षांची झोप हाय, निजू दे माझ्या लेकराला."

मी काय काय केलं ते ऐका. खिडकीला जाड चादर बांधली. टीव्हीचा आवाज बंद. दारावरची घंटी काढून ठेवली. माझं शिलाई मशीन म्हणजे घरातला सगळ्यात मोठा आवाज, ते मी बंद केलं आणि ओट्यावर बसून हातानंच काजं-बटणं, हातशिलाई करत राहिले. गिऱ्हाईक बाया खोळंबल्या. मी त्यांना ओठावर बोट ठेवून आत डोळ्यानं दाखवायची. मला अभिमान वाटत होता. नवऱ्याला असं सांभाळते कोण, असं मनात यायचं. खरं सांगते, यायचं.

पहिल्या आठवड्यात दुपारी दोन तास. दुसऱ्यात चार. नाताळच्या सुट्ट्या संपल्या तेव्हा हे सकाळी चहा घेऊन परत झोपायचे. डोकं दुखतंय म्हणायचे, मी बाम चोळायची. एकदा पल्लवीनं पाणी दिलं तर ग्लास हातात घेऊन तिच्याकडं बघतच राहिले, कोण ही आपल्या घरात, असं. ती बारावीला, क्लासवरून थकून आलेली. मला म्हणाली, "मम्मे, पप्पा असं कावून बघायलेत?" मी म्हणलं, झोपेतून उठलेत, तू अभ्यास कर.

लेकरानं बघितलं होतं. मी बघितलं नव्हतं.

पाक

संक्रांतीला आमच्या घरी तिळाच्या लाडवाचा पाक कधी उतरवायचा, हे दुसरं कुणी सांगत नाही. शेजारच्या चार घरचं गूळ-तीळसुद्धा आमच्या चुलीवर येतं. हे येतात, पाण्यात थेंब सोडत नाहीत का काही नाही, बोटात धरतात, ओढतात, म्हणतात, उतरव. लाडू कधी बिघडला नाही.

त्या भोगीच्या दुपारी मी ह्यांना उठवलं. उठेनात. तिसऱ्या हाकेला उठले. भिंतीला धरत आले, पाटावर बसले. उजवा हात प्लास्टरात, म्हणून डाव्या हातानं पाक घेतला. बोटं घासली. परत घासली. म्हणाले, "झाला. उतरव."

उतरवला. तीळ टाकले. लाडू वळायला घेतले तर ते हातात धरेनात, ताटात पसरले. कच्चा पाक. चार घरचा माल गेला. बाया हसायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "आता बया, पॅनमनच्या घरी पाक बिघडला." कुणीतरी म्हणालं, डाव्या हाताला काय कळतंय. ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पण मला राग आला होता, चार बायांत मान खाली गेली म्हणून. मी म्हणलं, "कारखान्यात असा माल काढला असतात तर घरी पाठवलं असतं तुमाला."

ह्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. एरवी मला एक देऊन दोन घेणारा माणूस. ते डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासत होते आणि बघत होते. चटका बसून बोटं लाल झाली होती. उकळत्या पाकात बोट घातल्यावर माणूस हात झटकतो, फुंकर मारतो. ह्यांनी झटकला नव्हता. हे मला आता दिसतंय. तेव्हा मी चमच्यानं लाडू खरवडत होते.

चप्पल

संक्रांत झाल्यावर दोन दिवसांनी रफिकभाई आले. हे ह्यांचे जोडीदार, दुसऱ्या पाळीचे पॅनमन, पंधरा वर्षांची दोस्ती. मी नेहमीसारखं ओठावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "भाभी, दोन मिनिटं उठवा, म्या लांबून आलोय."

उठवलं. रफिकभाईंनी कारखान्यातलं काहीबाही विचारलं. हे बरोबर-चूक काहीतरी बोलले, मध्येच थांबले. मग म्हणाले, बाहेर जाऊन येतो. उठले, चपला घातल्या, अंगणातून निघाले. चार पावलं गेल्यावर डाव्या पायातली चप्पल मागं राहिली. हे तसेच पुढं गेले. एक पाय चपलेत, एक पाय अनवाणी. गोखरूचे काटे पडलेले असतात आमच्या अंगणात. त्यांना पत्ताच नाही.

मी ती चप्पल बघत उभी राहिले. रफिकभाई हळू आवाजात म्हणाले, "भाभी, किती दिवस झाले असं?"

मी म्हणलं, "झोपायलेत वो. झोप भरून काढायलेत."

ते म्हणाले, "झोपलेला माणूस असा न्हाई ऱ्हात. पिशवी भरा. म्या गाडी आणतो."

टेंगूळ, बाम, ग्लास, पाक, सगळं एका मागोमाग एक डोळ्यापुढं आलं. माणसाला कळतं तेव्हा सगळं एकदम कळतं.

बाकडं

बीडला पोचेपर्यंत गाडीत मी ह्यांच्याशी बोलत राहिले आणि ते डोळे मिटत राहिले. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, ओरडले नाहीत. विचारलं, "किती दिवस झोपतायत?"

"तीन आठवडे झाले असतील."

"आणि तुम्ही काय करत होता?"

मी म्हणलं, "मी आवाज होऊ देत नव्हते."

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. कवटीच्या आत, उजव्या बाजूनं, रक्त साचलं होतं. एकदम नाही, थेंब थेंब, पडल्या दिवसापासून. ते मेंदूला दाबत होतं, म्हणून उलट्या बाजूचा, डावा हात-पाय बधिर पडत चालला होता. म्हणाले, आजच काढायला पाहिजे, उद्यावर ठेवता येणार नाही. मी कुठं सही केली ते मला आठवत नाही.

तेव्हाच त्या बाईनं मला ते विचारलं होतं. मी तोंड फिरवून बसले. तिकडं ह्यांच्या डोक्याला भोक पाडत होते आणि मी मनात एकच हिशोब करत होते, आणखी किती दिवस मी चादर बांधून ठेवली असती.

उठवणारी माणसं

तिथल्या सिस्टर तासातासाला यायच्या. हे झोपलेले असले तरी गदागदा हलवायच्या. नाव सांगा. हात दाबा. डावा पाय वर करा. मला आधी वाटलं, काय माणुसकी आहे का नाही, ऑपरेशन झालेल्या माणसाला असं उठवतात? मग माझं मलाच हसू आलं आणि मग रडू. आम्ही जीव लावून निजवत होतो, या बाया पोटासाठी उठवत होत्या, आणि माणूस त्यांच्या उठवण्यानं वाचत होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नीट डोळे उघडले. डोकं भादरलेलं, नळी लावलेली. मला म्हणाले, "पाळी कुणाची हाय?"

मी म्हणलं, "माझी."

चांगलं पण सांगते. वॉर्डातल्या मावशींनी मला त्यांच्या घरची भाकरी-भाजी दिली, रोज, नाव-गाव न विचारता. रफिकभाई पाळी संपवून बसनं यायचे, बाहेर बाकड्यावर बसून जायचे, आत येत नव्हते. म्हणायचे, त्यानं मला बघितलं की कारखान्याचं इचारतो, नको. पल्लवी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पेपरांची तयारी करायची.

वाईट पण सांगते. आत्याबाई म्हणाल्या, तू सायकलवर बसवलंस. मी म्हणलं, तुमी निजवलंत. हे बोलणं आम्ही दोघींनी भरल्या वॉर्डात केलं. महिनाभर त्या माझ्या हातचा चहा पीत नव्हत्या. मग एक दिवस कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, टाक. एवढंच. दोघींनाही माहीत होतं की दोघीही खरंच बोलल्या होत्या.

भोंगा

घरी आल्यावर लोकांना वाटतं, झालं, सुटलो. खरं आजारपण तिथून सुरू होतं, ते माझं होतं. मी त्यांना झोपू देईना. डोळा लागला की जवळ जायची. "अहो, वार कोणता?" "हात दाबा." दुपारी चारदा. डॉक्टर म्हणाले होते, आता झोपू द्या, चांगली झोप लागू द्या. डॉक्टरचं ऐकायला मन तयार नव्हतं. हे चिडले. "बायकू हायस का कारखान्याचा भोंगा हायस?" एकदा तर उशी भिंतीवर फेकून मारली. आयुष्यात ह्यांनी कधी काही फेकलं नव्हतं. नंतर स्वतःच उशी उचलून आणली आणि म्हणाले, "सुमे, मला बी भ्या वाटतं. पण तू अशी तोंडावर वाकून बसलीस की जास्त वाटतं."

मग आम्ही एक ठरवलं. दुपारी हे झोपले की मी मशीन चालवायचं, जोरात. मधूनच मशीन थांबवायचं. मशीन थांबलं की ह्यांनी डोळे न उघडता डावा हात वर करायचा. हात वर झाला की मी पुन्हा शिवायला लागायचं. एवढ्याशा हातावर आमचा संसार परत रुळावर आला. उन्हाळा गेला, पाऊस गेला. हात वर व्हायचा, लगेच, कधी कधी वैतागून, बोटं नाचवून. मशीनची लय धरून मी ब्लाउज शिवत होते आणि पहिल्यांदा मला आपल्या घरातली झोप बरी वाटायला लागली.

चक्कर, झटका येऊ शकतो म्हणून पॅनच्या मजल्यावर चढायला बंदी. यंदाच्या हंगामात ह्यांना गेटवर बसवलंय. उसाच्या गाड्या आत सोडायच्या. वरून वाफ येते, रफिकभाई वर असतात, हे खाली खुर्चीवर. घरी येऊन कारखान्याचं अक्षर काढत नाहीत.

मागच्या आठवड्यात कपडे धुताना पायजम्याच्या उजव्या पायाला खालच्या बाजूला काळं ग्रीस दिसलं. मी शिलाईवाली बाई, कापडावरचा डाग कशाचा ते मला सांगावं लागत नाही. मागं जाऊन बघितलं. निळ्या सायकलीत हवा होती. वर्षभर तिच्यात हवा नव्हती. मी बोलले नाही. म्हणलं, गेटवर बसून बसून जीव विटला असेल, गल्लीत एखादा चक्कर मारला असेल. बघा, मी परत गप्प बसले.

आज

आज दुपारी जेवून हे झोपले. मी मशीन चालवत होते. थांबवलं.

हात वर झाला नाही. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचला हात वर आला, अर्धाच, आणि खाली पडला.

मी उठून गेले. हलवलं. उठले, बोलले, वार सांगितला. मी म्हणलं, "सायकलवरून पडलात का?"

हे पायावरची चादर नीट करायला लागले.

"अहो, पडलात का?"

"जरा."

"कधी?"

"झाले की पंधरा दिवस. कायच लागलं न्हाई, सुमे. साधं घसरलो."

मी ओरडले नाही. पिशवी खिळ्याला टांगलेलीच असते, त्यात कागद, गोळ्या, टॉवेल. रफिकभाईंना फोन केला. ह्यांना म्हणलं, चपला घाला. ते म्हणाले, झोप झाली न्हाई म्हणून हात जड झाला आसंल, उगं कावून एवढं. मी म्हणलं, घाला. आणि अंगणातून गाडीपर्यंत मी त्यांच्या मागून चालत गेले, डाव्या पायाकडं बघत. चप्पल पायात होती. गाडीपर्यंत राहिली. तरी मी गाडी परत पाठवली नाही, आणि तुम्हीही पाठवू नका. नुसती भीती निघाली तर हसतील लोक. हसू द्या.

आत्ता दार उघडलं. हे चालत बाहेर आले. दाराशी काढलेल्या चपलांत उजवा पाय घातला, मग डावा. डाव्याला थोडा वेळ लागला. किंवा मी बघत होते म्हणून वेळ लागल्यासारखा वाटला. माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "अर्धा तास लागंल म्हणत्यात कागद यायला. जरा डोळा लावतो, तवर."

मी म्हणलं, "न्हाई."

"अगं अर्धाच तास."

"न्हाई. बोला माझ्याशी."

"काय बोलू?"

"संक्रांत आली जवळ. मला सांगा, पाक झाला कसा वळखायचा."

माझ्याकडं बघून हसले. मग डावा हात वर घेतला, अंगठा आणि बोट जुळवलं आणि सांगायला लागले, आधी तार तुटती, मग लांबती, मग थांबती. मी ऐकत नाहीये. एका हातानं हे लिहितेय आणि ती दोन बोटं बघतेय.